न दिसलेल्या पक्ष्याची नोंद

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही, आणि तरीही आमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत त्यांच्याइतकी माणसं दुसऱ्या कुणी नाराज केली नसतील. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. घरात साखर आहे का, असा साधा प्रश्न अक्कांनी स्वयंपाकघरातून विचारला, तर दुसरा कुणीही नवरा जागेवरून न उठता 'नाही' किंवा 'असेल' म्हणून मोकळा होईल. आमचे साडू उठतात, चष्मा लावतात, डबा उघडून आत डोकावतात, झाकण उलटं करून तेही बघतात आणि सांगतात, "या डब्यात दिसली नाही." मग दुसरा डबा, मग फडताळ, मग देवघराशेजारचा कोनाडा. तोवर गॅसवरचा चहा आटून जातो. "अहो, न्हाई म्हना की सरळ," असं अक्का वैतागून म्हणतात आणि गेली चाळीस वर्षं त्यांना एकच उत्तर मिळतं, "नाही म्हणायचं तर सगळीकडं बघावं लागतं. मी सगळीकडं कुठं बघितलंय?"

ते मुलगी बघायला आले होते तेव्हाची गोष्ट आमचे सासरे शेवटपर्यंत सांगत. रिवाजाप्रमाणे सासऱ्यांनी विचारलं, पान, तंबाखू, आणखी काही सवय? समोर बसलेला हडकुळा मुलगा बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आजपर्यंत आढळलेलं नाही." हा स्वतःबद्दल बोलतोय की बाजारात बघितलेल्या बैलाबद्दल, हेच सासऱ्यांना कळेना. पण त्यांनी तिथल्या तिथं मनाशी ठरवून टाकलं. "जो सोताची बी खात्री देईना, तो दुसऱ्याला काय फसवणार," असं ते म्हणायचे. मला त्यांनी काय बघून मुलगी दिली हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कारण माझा स्वभाव नेमका उलटा. मी बीडच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत नोकरी केली. गाडी कधी येईल असं विचारणाऱ्याला 'माहीत नाही' म्हटलं की तो भांडतो आणि 'येतेय, पाच मिनिटांत' म्हटलं की बाकावर जाऊन निवांत बसतो, हे मला पहिल्याच आठवड्यात उमगलं. न पाहिलेल्या कितीतरी गाड्या मी निवृत्त होईपर्यंत पाच मिनिटांवर आणून ठेवल्या. साडू एकदा माझ्या खिडकीशी पाऊण तास उभे राहून हे सगळं ऐकत होते. गर्दी ओसरल्यावर आत वाकून म्हणाले, "पाव्हणं, तुमी गाडी पाहिली का?" मी म्हटलं, नाही. "मग येतेय कावून म्हणता?" मी सांगितलं की त्यानं माणसाला धीर येतो. त्यांनी यावर खरोखर विचार केला. "धीर येतो, हे मी पाहिलं," ते म्हणाले. "गाडी आलेली दिसली नाही." आणि माझ्या हातात केळी ठेवून चालत घरी गेले.

ते कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात, नातवंडं सांभाळतात. साडूंनी उन्हात बसायचं काम पत्करलं. नदीकाठी किंवा तळ्याकाठी कुणाला काही बांधायचं असलं, तर आधी त्या जागेत कोणते प्राणी-पक्षी राहतात, त्यातला कुठला नामशेष व्हायच्या वाटेवर तर नाही ना, हे बघून अहवाल द्यावा लागतो. असे अहवाल करणाऱ्या एका संस्थेसाठी साडू रानोमाळ हिंडू लागले. सामान ठरलेलं: काळी छत्री, गोणपाटाचं पोतं, दुर्बीण आणि लाल कापडी बांधणीची वही. दुर्बिणीचा पट्टा तुटल्यावर त्यांनी अक्कांच्या परकराची नाडी लावली होती. ती निळी होती आणि कुठल्याही पंगतीत उठून दिसायची, कारण दुर्बीण ते जेवतानाही गळ्यातून काढत नसत. वहीत स्वतःच्या हातानं रकाने आखलेले. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं आणि शेवटचा रकाना, कोणी पाहिलं. या शेवटच्या रकान्यात पहिल्या पानापासून एकच शब्द असे, 'स्वतः'. ऐकीव गोष्टीला तिथं थारा नव्हता. एकदा युसूफ वडगावकडच्या कुणी तरी फोन केला, उसात बिबट्या शिरलाय, दहा जणांनी पाहिलाय. साडू गेले, उसाच्या बांधावर दोन दिवस छत्री उघडून बसले आणि नोंद केली, 'मांजर, एक, स्वतः'. त्या दहा जणांनी पुढं कितीतरी दिवस त्यांना रामराम केला नाही.

त्यांची चालही या कामानं बिघडून गेली. दहा पावलं टाकायची, थांबायचं, जमिनीकडे बघायचं, आभाळाकडे बघायचं, कानामागं हात धरायचा, मग पुढची दहा पावलं. हे रानात ठीक आहे. पण माझ्या मुलाच्या वरातीतही ते असेच चालले आणि थोरला काका मागं राहिला म्हणून बँडवाल्याला तेच गाणं चार वेळा वाजवावं लागलं. एका चतुर्थीला आम्ही सगळे लिंबागणेशला गेलो होतो. रांगेतून दर्शन घेऊन बाहेर आलो तर साडू दाराशी उभे राहून वरच्या कोपऱ्यातलं पाकोळीचं घरटं न्याहाळत होते. सासूबाईंनी विचारलं, "झालं का दर्शन?" साडू म्हणाले, "लई गर्दी होती, मामी. मला गणपती दिसला नाही." अक्कांनी कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र शांतपणे नारळाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवत म्हणाल्या, "असू द्या. त्येला तुमी दिसला असाल." साडूंनी तो तुकडा सावकाश चावून खाल्ला. लहानपणीच आईवडील गेलेला हा माणूस, बोर्डिंगात वाढलेला. सासूबाईंच्या अशा एखाद्या वाक्यावर तो दोन-दोन महिने खूष असायचा. सासुरवाडी हेच त्यांचं घर होतं. आम्ही जावई म्हणून तिथं मान घ्यायला जात असू, आणि ते मात्र सुट्टीत मुलगा घरी यावा तसे पिशवी घेऊन जात.

ही सासुरवाडी गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. तिथं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. रस्त्यापासून उतरत जाणारी सासऱ्यांची जमीन थेट गंगेला भिडते, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिच्या पायथ्याशी वाळूचं एक लांबट बेट उघडं पडतं. आता ही जमीन आमचा मेहुणा बघतो. पंचायत समितीचा माजी सदस्य, पांढरे कपडे, मोठा आवाज, आणि मन आवाजाहून मोठं. मागच्या उन्हाळ्यात ऊसतोडीहून परतलेल्या एका घरात लग्न होतं. ऐन अक्षतांच्या वेळी वावटळ आली, मांडव उडाला आणि पत्रा लागून नवरीच्या आईचं डोकं फुटलं. मेहुण्यानं त्या बाईला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. परत आला तो हेच ठरवून की आपल्या रानात पक्कं मंगल कार्यालय बांधायचं. तोडीहून येणाऱ्यांची सगळी लग्नं उन्हाळ्यातच होतात, त्यांनी उघड्यावर कावून तळमळायचं? इथवर ठीक होतं. पण आमच्या मेहुण्याला एका स्वप्नावर थांबता येत नाही. कार्यालय गंगेच्या अगदी काठाला हवं, वाळूचं बेट सपाट करून तिथं दगडी घाट हवा आणि नवरदेव होडीतून त्या घाटावर उतरायला हवा. होडी त्यानं बघूनही ठेवली होती.

कागद घेऊन तो तहसिलात गेला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की जागा नदीला लागून आहे, आधी पाहणीचा अहवाल आणा. अहवाल करणाऱ्या संस्थेकडे गेला तर या भागाचं काम आमच्याच साडूंकडे. मेहुण्याला आभाळ ठेंगणं झालं. मला फोनवर म्हणाला, "धाकटं दाजी, घरचाच मानूस निगाला की. दोन चकरा मारतील, काय न्हाई म्हनून लिवून देतील." मी तोंडावर हात ठेवून हसलो. त्या बिचाऱ्यानं आपल्या थोरल्या दाजींना कधी साखर मागितलेली नव्हती.

साडूंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे संस्थेला कळवलं की ही जमीन माझ्या सासऱ्यांची आहे, दुसरा माणूस पाठवा. दुसरा माणूस नव्हता. त्यांची वही आणखी एक जण तपासेल असं ठरलं, तेव्हा कुठं ते तयार झाले. मग माघ संपताना पोतं, छत्री, दुर्बीण घेऊन सासुरवाडीला मुक्कामाला आले आणि मलाही बोलावून घेतलं. "बसा नुसतं. बोलू नका," एवढीच अट होती. मी सासूबाईंच्या हातच्या बाजरीच्या भाकरीसाठी गेलो, हे कबूल करायला हरकत नाही.

रोज उजाडता आम्ही खाली उतरायचो. जमिनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडू सुतळी लावून सरळ रेषेत चालत, दहा पावलं आणि थांबा, दहा पावलं आणि थांबा. गावानं तीन दिवस हे बघितलं आणि चौथ्या दिवशी शेजारचा शेतकरी हातात नारळ घेऊन आला. जमिनीतलं पाणी बघून देणारी माणसं आमच्याकडं अशीच चालतात. तो म्हणाला, "साहेब, आमच्या बी रानात एक चक्कर मारा. कुटं पाणी हाय तेवडं सांगा." साडूंनी त्याला समजावलं की मी तो नव्हे, मी पक्षी बघतो. "आसूं द्या, पक्षी बगत बगत सांगा," तो म्हणाला. शेवटी त्याच्या समाधानासाठी साडू त्याच्या रानात गेले, हिंडले आणि म्हणाले, "मला इथं पाणी दिसलं नाही." ऊन लागल्यामुळं परतताना ते तिथल्या बाभळीखाली घटकाभर टेकले. झालं. मोठा माणूस तोंडानं सांगत नाही, बसून दाखवतो, असा अर्थ काढून त्या पठ्ठ्यानं बाभळीखालीच बोअर घेतला आणि त्याला भसाभसा पाणी लागलं. तिथून पुढं रोज सकाळी दोन-तीन माणसं नारळ घेऊन बांधावर उभी असत आणि साडू कुठं बसतात याच्यावर डोळा ठेवून असत. साडूंची पंचाईत अशी की त्यांना दिवसभर कुठंच टेकता येईना.

बेटावर आम्ही फाल्गुनात पोचलो. मी पुढं होतो. मागून साडूंचा आवाज आला, अगदी हळू, "पाव्हणं, पाय हाय तिथंच ठिवा." माझा एक पाय वाळूत होता आणि एक हवेत. त्यांनी 'हाय तिथंच' म्हटलं म्हणजे हवेतला हवेतच ठेवायचा. मी तसाच उभा राहिलो. माझ्या टाचेखाली, वितीवर, वाळूत हातानं दाबल्यासारखा एक खळगा होता आणि त्यात तीन अंडी. मातकट, वर तपकिरी ठिपके. शेजारच्या गोट्यांत मिसळून गेलेली. साडू वाकले, वही काढली, तारीख घातली, वेळ घातली, जागेचं वर्णन लिहिलं. "टेकवू का?" मी विचारलं. "लिहिणं व्हायचंय," ते म्हणाले. माझ्या वयाच्या माणसानं एका पायावर किती वेळ उभं राहावं याची त्यांनी काही नोंद केली नाही.

ती अंडी काळ्या पोटाच्या सुरय पक्ष्याची. नारिंगी चोच, डोक्यावर काळी टोपी, अंगानं राखाडी आणि पोट काजळ फासल्यासारखं. हा पक्षी सगळीकडूनच कमी होत चाललाय, असं साडूंनी मला सांगितलं, कारण तो झाडावर घरटं बांधत नाही. नदीतल्या उघड्या वाळूवर अंडी घालतो, आणि नदीतली वाळू सगळ्यांनाच हवी असते. शिवाय त्याच्या अंड्यांचे दिवस आणि आपल्या लग्नसराईचे दिवस एकच. त्या बेटावर असे पाच खळगे निघाले. मेहुण्याच्या घाटाच्या पायऱ्या बरोबर तिथंच यायच्या होत्या.

मेहुण्याच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यानं मला ओसरीवर गाठलं. "दाजी, तुमचं ऐकत्यात त्ये. एका चिमनीपायी कार्यालय आडवू नगा म्हनावं. लोकान्ला शबूद दिलाय मी." तो त्या पक्ष्याला शेवटपर्यंत चिमणीच म्हणत राहिला. मलाही त्याचं पटत होतं. त्या नवरीच्या आईच्या डोक्याला पडलेले टाके मी पाहिले होते. दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेलो की आज साडूंशी बोलायचंच. आम्ही छत्रीखाली बसलो होतो, लांबून एका खळग्यावर नजर ठेवून. अकरा वाजले, वाळूला हात लावता येईना. तेवढ्यात मादी उठली, उडत पाण्यापर्यंत गेली, पृष्ठभागाला पोट घासत थोडी सरकली आणि परत येऊन ओलं पोट अंड्यांवर टेकवून बसली. थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा पाणी, पुन्हा अंडी. मी मोजायला लागलो आणि मध्येच मोजायचं विसरलो. साडू दुर्बीण एकाच डोळ्याला, उजव्या, लावून बघत होते. मला तेव्हा ते त्यांच्या अनेक चाळ्यांपैकीच एक वाटलं. "काही बोलणार होता तुमी," ते म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही." "काही नाही की आठवत नाही?" त्यांनी विचारलं. एरवी मला याचा राग आला असता, त्या दिवशी आला नाही.

चैत्र सरता सरता वरच्या धरणातून पाणी सुटलं. खालच्या गावांना प्यायला पाणी हवं होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. आम्ही सकाळी उतरलो तर बेट दिसत नव्हतं. गढूळ पाणी सावकाश वाहत होतं आणि वर ते पक्षी ओरडत घिरट्या घालत होते. साडू काठावर बसले, वही उघडली आणि नुसतीच मांडीवर ठेवून राहिले. दुपारच्या सुमारास मेहुणा खाली आला. त्यालाही ते बघून बरं वाटलं नाही. मग म्हणाला, "वाईट झालं, दाजी. पर आता तर चिमनी न्हाई ना? आता लिवा, इथं काय न्हाई म्हनून."

"आज दिसला नाही, एवढं लिहितो," साडू म्हणाले. "पण मला पक्षी मोजायला धाडलेलं नाही, जागा बघायला धाडलंय. पाणी उतरलं की वाळू वर येईल. जागा हाय तिथंच हाय."

"एक वळ लिवायची, दाजी. घरासाटी." साडूंनी वहीवर हात ठेवला. मेहुण्याचा चेहरा उतरला. आवाज चढवला असता तर बरं, पण तो हळू बोलला, "मग औंदा धोंड्याला मी बलावनार न्हाई तुमाला."

आमच्याकडं दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना आला की लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात. मला तो एक जेवणाचा बेत असतो. साडूंनी चाळीस वर्षांत एकही धोंडा चुकवला नव्हता. एकदा तर ताप अंगात घेऊन आले होते. ते मेहुण्याच्या चपलांकडे बघत राहिले. "बरं," ते म्हणाले, आणि वहीत त्या दिवशीची ओळ लिहिली. अक्षर इतकं वाकडं आलं की मला ते वाचता येईना. संध्याकाळच्या गाडीनं पिशवी घेऊन ते बीडला गेले.

अहवाल महिन्याभरात आला. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत, 'सदर जमीन अहवाल लिहिणाऱ्याच्या सासऱ्यांची आहे' असं लिहिलेलं. मेहुण्यानं तेवढंच वाचलं, "सोयरीक बी लिवली का गड्यानं," म्हणाला आणि अहवाल बाजेवर फेकून दिला. आत त्या सुरयाचं सगळं होतं, पाच खळगे, अंडी, वाळू, पाण्याची पातळी. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की वरच्या अंगाला, रस्त्याकडच्या रानात, कार्यालय बांधायला हरकत दिसत नाही. खालचा उतार आणि बेट मात्र आहे तसं राहू द्यावं. बाजेवर फेकलेल्या कागदांची शेवटची पानं कोण वाचतं?

अधिक महिन्यात आम्हा नवरा-बायकोला बोलावणं आलं. साडूंना आलं नाही. मी पाटावर बसलो, शेजारचा पाट मांडलेलाच नव्हता. सासूबाईंनी वाढता वाढता तिकडं एकदा बघितलं आणि आत जाऊन डबा भरायला घेतला. त्या कुणाला ऐकवायचं म्हणून बोलत नव्हत्या, पण ऐकू येत होतं. "ज्येनं त्येनं आपल्या पंगतीला बलवावं. धोंडे मी केलेत, जावई माजा हाय. रोज सकाळच्या गाडीनं येऊन गंगेला बसतेत, माघारी जातेत, घराकडं फिरकत न्हाईत. मला काय दिसत न्हाई व्हय?" मग डब्याचं झाकण लावता लावता मला म्हणाल्या, "वरच्या रानात परवा कार्यालयासाटी मुरूम पडलाय. सूनबाईनं त्येला शेवटचं पान वाचून दाखिवलं." मेहुणा खाली मान घालून जेवत होता. तो ताटाकडे बघतच म्हणाला, "तूप घाल आनकी थोडं. त्यांना लागतं."

डबा घेऊन मी खाली उतरलो. पाणी ओसरलं होतं, बेट पुन्हा वर आलं होतं. साडू छत्रीखाली पोत्यावर बसलेले. त्यांनी डबा हातात घेतला पण उघडला नाही. "कुणी दिला?" त्यांनी विचारलं. माझ्या जिभेवर आलं होतं की मेहुण्यानं पाठवलाय, तुम्हाला बोलावलंय. चौकशीच्या खिडकीत असतो तर तेच सांगितलं असतं. पण मी म्हटलं, "मामींनी भरला. तूप घाल म्हणून तो म्हणाला."

"तुमी ऐकलं? सोता?"

"सोता."

त्यांनी झाकण काढलं. एक धोंडा मला दिला, दोन त्यांनी खाल्ले, सावकाश, बोटं चाटत. मुरमाचं सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मुरूम आणला कुठून?" आणि मला हसू आलं. मग त्यांनी हात धुतले, गळ्यातली दुर्बीण त्या निळ्या नाडीसकट काढली आणि माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत मी ती कधी हातात धरलेली नव्हती.

"पाव्हणं, डावा डोळा मागंच गेला होता. आता उजव्यानंही बेट दिसतं, बेटावरचं दिसत नाही. डॉक्टर म्हणतेत, मागचा पडदा गेलाय. मोतीबिंदू असता तर काढला असता." साखरेच्या डब्याबद्दल बोलावं तशा आवाजात ते हे बोलले. "दुसऱ्यांदा अंडी घालतेत कधी कधी ते. पावसाच्या आत. बघा बरं."

मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला दुर्बिणीची सोय बरी होती. मी बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांच्यासारखंच, दहा पावलांच्या अंतरानं थांबत. वाळू, गोटे, एक बगळा, वाहत आलेली चप्पल. पुन्हा बघितलं. मला तिथं तो काळ्या पोटाचा पक्षी असायला हवा होता. आहे म्हणालो असतो तर कोण तपासणार होतं? ते माझ्याकडे तोंड करून, वही उघडून, पेन धरून बसले होते.

"दिसला नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि लिहू लागले. तारीख, वेळ, जागा. ओळ वर-खाली होत होती, पण रकाने चुकले नाहीत. शेवटच्या रकान्याशी, कोणी पाहिलं, तिथं ते थोडे थांबले आणि त्यांनी लिहिलं, 'साडू'. ते बघून मला राहवेना आणि आयुष्यभराची सवय तोंडातून बाहेर पडली. "येईल," मी म्हणालो.

हे काही त्यांनी लिहिलं नाही. पण वहीही मिटली नाही. पाण्याच्या दिशेला बघत त्यांनी विचारलं, "पाच मिनिटांत?"

"पाच मिनिटांत."

"मग बसू," ते म्हणाले, आणि पोत्यावर सरकून त्यांनी मला जागा करून दिली.